जाळूनये

“मास्तर तुझ्या नवऱ्याला ‘ये’ म्हणायचे, की ‘यावं’ म्हणायचे?” मास्तरांच्या वकिलाने मला विचारलं.

मी पुण्याच्या कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते. आठ महिन्यांची मुलगी कडेवर होती, कारण ती दुसऱ्या कोणाकडे राहत नव्हती. समोर आरोपी म्हणून दोघे उभे होते. एक माझा नवरा आणि दुसरे आमच्या घरी खोली घेऊन राहणारे मास्तर.

मी म्हणाले, “ये म्हणायचे.”

“बाई, नीट आठवून सांग. दोन वर्षं ते तुमच्या घरी राहिले. कोणाला ‘ये’, ‘जा’, ‘कर’ असं म्हणालेले एकदा तरी ऐकलंस?”

“ऐकलंय की. रोजचंच हुतं ते.”

वकील पुढे काही विचारणार, तेवढ्यात मास्तर मोठ्याने बोलले, “वकीलसाहेब, बाईंना आणखी विचारू नये.”

न्यायाधीशांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं आणि मान खाली घालून लिहायला लागले. ते वाक्य सगळ्या कोर्टाने ऐकलं, पण कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. ‘विचारू नका’ असंसुद्धा मास्तर म्हणाले नव्हते, ‘विचारू नये’ म्हणाले होते. मी शपथ घेऊन सांगितलं ते खोटं होतं, हे त्यांच्या तोंडूनच सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं. कळलं फक्त मला.

मास्तर कोणाला हुकूम करत नसत. हा त्यांचा स्वभाव नव्हता, मत होतं. माणसाने माणसाला ‘कर’ म्हणायचा हक्क कोणी दिला, असं ते विचारायचे. सरकारला एकच शब्द येतो, ‘कर’. कधी तो भरायचा असतो, कधी ऐकायचा असतो, असं त्यांनी एका पुस्तकात लिहिलं होतं आणि ते वाक्य त्यांना फार आवडायचं. जो भेटेल त्याला ऐकवायचे. नुसतं लिहून ते थांबले नाहीत. बोलण्यातून त्यांनी हुकूम काढूनच टाकला होता. पाणी हवं असलं तर “पाणी मिळावं”. दार उघडं राहिलं तर “दार उघडं राहू नये”. माझ्या दोन वर्षांच्या पुतण्याला “आपण माती खाऊ नये”. आमच्या कुत्र्यालासुद्धा, “कुत्रोबा, भुंकू नये.” कुत्रं भुंकायचंच.

मास्तर हे नुसतं नाव होतं. पहिल्या दिवशी माझ्या सासूने विचारलं, “कंच्या शाळंत मास्तर हाय तुमी?”

“शाळेत नाही. तुरुंगात होतो.”

इंग्रजाच्या काळात दोनदा आणि आपलं राज्य आल्यावर एकदा ते आत गेले होते. तिन्ही वेळा लिहिण्यावरून. तिथे त्यांनी कैद्यांना अक्षरओळख शिकवली, म्हणून मास्तर. पुण्यात त्यांना कोणी खोली देईना, कारण त्यांच्यामागून चौकशीला पोलीस यायचा. माझ्या सासऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. गोठ्याशेजारी भुसा ठेवायची खोली होती, ती झाडून दिली. एक ट्रंक, एक वळकटी आणि शाईची मोठी बाटली घेऊन ते रहाटणीला आले.

आमची रहाटणी तेव्हा पन्नास-साठ घरांची होती. सगळी शेतं. माणूस नवा आला की गाव त्याला महिनाभर बघायचं आणि मग सोडून द्यायचं. मास्तरांना दोन वर्षं बघत होतं. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला ते जेवायचे, तुरुंगातल्या घंटेप्रमाणे. जेवण झालं की स्वतःचं ताट राखेने घासायचे आणि उपडं करून भिंतीला लावायचे. सासूला ते खपायचं नाही.

“काय वो मास्तर, आमच्या घरातल्या बाया मेल्यात का?”

“कोणी मरू नये,” मास्तर म्हणायचे आणि घासत राहायचे.

एकदा नवऱ्याने मुद्दाम त्यांच्या हातात बैलगाडीचा कासरा दिला. चिंचवडच्या बाजाराला जायचं होतं. मास्तर बैलांना म्हणाले, “चालावं आता.” बैल हलले नाहीत. नवरा म्हणाला, “हाणा की.” मास्तरांनी मान हलवली आणि तसेच बसून राहिले. येणारेजाणारे थांबले. बऱ्याच वेळाने बैल आपणहून वळले आणि चालू लागले.

“बघितलंत? गेले की नाही?”

“गेलं खरं,” नवरा म्हणाला, “पर घराकडं गेलं, मास्तर. दावणीला. बाजार ऱ्हायला.”

सगळे हसले. मास्तरसुद्धा हसले, पण पटलं काही नाही त्यांना. त्या दिवशी घरात मीठ नव्हतं आणि आळणी आमटी आम्ही खाल्ली, हे मला आठवतं. त्यांना ते आठवलं नसतं. ते माणसांविषयी पुष्कळ विचार करायचे, माणसांकडे कमी बघायचे. डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या बाईला थांबवून, जमीन कोणाची असते, हे समजावून सांगायचे. बाई एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची, यांचं चालूच. मला ते फारसे आवडायचे असं नाही. पण माझं आणि त्यांचं एक काम होतं.

माझं माहेर निघोज्याचं. चौथीपर्यंत शाळा झाली आणि तेव्हा शाळेत मोडी शिकवायचे. मास्तर सगळं मोडीतच लिहायचे, कारण त्यात हात भराभर चालतो. आधी कागदभर आडव्या रेघा ओढून ठेवायच्या आणि मग रेघेखाली अक्षरं लटकवत जायची, हात न उचलता. त्यात शब्द तोडत नाहीत. एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते वाचणाऱ्याने ओळखायचं. एकदा मी त्यांच्या खोलीत ज्वारीचं पोतं आणायला गेले आणि कागदावर नजर गेली. म्हटलं, “मास्तर, हितं ‘सरकार’ दोनदा लिवलंय.”

त्यांनी टाक खाली ठेवला. “बाई, आपल्याला मोडी येते?”

मी वीस वर्षांची होते. मला ‘आपण’ म्हणणारा तो पहिला माणूस. शेवटचाही तोच.

पुण्याच्या छापखान्यात मोडी वाचणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणून लेख बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवून द्यावा लागायचा आणि मास्तरांचे डोळे तेवढे चालत नसत. तेव्हापासून दुपारची कामं आटोपली की मी उंबऱ्यावर बसून त्यांचं लिहिलेलं मोठ्याने वाचायची आणि ते उतरवून घ्यायचे. निम्मं मला कळायचं नाही. पण त्यांचं अक्षर माझ्याइतकं कोणाला लागत नव्हतं. घाईत एखादा शब्द मी ठोकून दिला की ते चिडायचे. तेवढ्या एका गोष्टीवरून चिडायचे.

“बाई, अंदाजाने वाचू नये. अक्षर बघावं.”

मग कारखान्याची बातमी आली. नदीकडच्या अंगाला कारखाना व्हायचा होता, आमची आणि आणखी काही जणांची जमीन त्यात जाणार होती. मास्तरांनी त्यावर लेख लिहिला आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. कारखाना यावा, पण ज्याची जमीन गेली तो त्याचा भागीदार असावा, नोकर नसावा, असं त्यांचं म्हणणं. सरकारला ‘भागीदार’ खुपलं आणि गावाला ‘यावा’.

“मास्तर, तुमी आमच्या बाजूचं का त्यांच्या?” नवऱ्याने विचारलं.

“मी वाक्याच्या बाजूचा आहे. वाक्य पुरं वाचावं.”

“पुरं वाचंपतुर वावर जातंय आमचं.”

पौषात मोजणीवाले आले. त्यांनी नदीकाठी राहुटी ठोकली. आमचा शाळू हुरड्यात आला होता, त्यातून त्यांनी साखळी ओढली आणि जागोजागी झेंड्या रोवल्या. पिकाची चार तासं, म्हणजे चार ओळी, पार आडव्या झाल्या. नवरा आणि दीर दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी गावातली आणखी चार माणसं आमच्या ओसरीवर आली आणि राहुटी जाळायची भाषा झाली. कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना. मास्तर छापखान्याच्या कामाला पुण्याला गेलेले. नवरा म्हणाला, “मास्तरांस्नी इचारू.” आमचा दूधवाला रोज सायकलीवरून पुण्याला जायचा. त्याच्याकडे निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दूधवाला चिठ्ठी घेऊन आला. एकाच ओळीची, घाईत लिहिलेली. मी चुलीपुढून उठून आले, हात पुसले आणि सगळ्यांसमोर वाचली. “राहुटी जाळून ये. उद्या मी येतो, मग बोलू.”

“मास्तर म्हंत्यात?” नवऱ्याने विचारलं.

“व्हय.”

“पुन्यांदा वाच.”

मी पुन्हा वाचली. पुन्हा तेच वाचलं. त्या घरात त्या दिवशी सगळ्यांना तेच ऐकायचं होतं आणि मलाही. मीही तो आडवा झालेला शाळू बघितला होता, पेरताना मीच चाड्यावर मूठ धरली होती. मला अक्षरात तेच दिसलं.

मोजणीवाले चिंचवडला गेलेले बघून नवरा रॉकेलची बाटली घेऊन गेला. दिवसाउजेडी, चारच्या सुमाराला. राहुटी रिकामी आहे असं सगळ्यांना वाटत होतं. ती रिकामी नव्हती. साखळी धरणारा शिपाई तापाने फणफणून आत घोंगडी घेऊन पडला होता. तो बाहेर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते.

मास्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. नवरा पहाटेच माझ्या माहेरी लपायला गेला होता. मास्तर नदीकडूनच आले असावेत, कारण त्यांचं धोतर काळं झालं होतं.

“हे कोणी केलं?”

मी म्हणाले, “तुमीच लिवलं हुतं की.” आणि कोनाड्यातली चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मग उंबऱ्यावर बसले, मी वाचायला बसायची त्या जागी.

“आपण कसं वाचलंत, बाई?”

मी वाचून दाखवलं. त्यांनी अक्षरांखाली नख ठेवलं. “जाळू,” म्हणाले, आणि नख पुढे सरकवून, “नये.”

मी कागदाकडे बघितलं. ‘राहुटीजाळूनयेउद्यामीयेतोमगबोलू’. एकच सलग ओळ. तीच अक्षरं. एक ‘न’ मी इकडच्याऐवजी तिकडे जोडला होता.

“मी कधी कोणाला ‘ये’ म्हटलंय?” त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. रागावलेही नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं. दोन वर्षं मी त्यांची हजार वाक्यं वाचली होती, त्यात एकही ‘ये’ नव्हता. शिवाय माझ्या नवऱ्याला ते अहो म्हणायचे. शाळेतलं पोर थांबलं असतं त्या शब्दापाशी.

मग ते म्हणाले, “चूक लिहिणाऱ्याची. तोडून लिहायला हवं होतं.”

आतून सासूने विचारलं, “काय म्हंत्यात मास्तर?”

मी म्हणाले, “काई न्हाई.”

ते तसेच उठून भाजलेल्या शिपायाला बघायला दवाखान्यात गेले. पोलिसांनी त्यांना तिथेच धरलं. खटल्यात सरकारी वकिलाने त्याचाही उपयोग केला. मनात पाप नसतं तर हा माणूस तिथे कशाला गेला असता, म्हणाला.

दोन दिवसांनी नवरा सापडला. पोलिसांना तो फारसा नको होता. मास्तरांची फाईल त्यांच्याकडे कधीची होती आणि आता त्यात घालायला त्यांना मास्तरांच्या हातची चिठ्ठी मिळाली होती. नवऱ्याने जे खरं वाटत होतं ते सांगितलं: मास्तरांनी लिहिलं म्हणून केलं. सासऱ्यांनी त्याला वेगळा वकील दिला. त्या वकिलाने मला बाजूला घेऊन सांगितलं, “हे बघ, सरकारचा मोडी वाचणारा म्हणतो, दोन्ही वाचता येतं. म्हणजे तू काय सांगतेस त्यावर सगळं आहे. ‘ये’ असेल तर तुझ्या नवऱ्याला दुसऱ्याने भरीला घातलं, थोडक्यात सुटेल. ‘नये’ असेल तर नको म्हटलं असताना त्याने जाळलं. मग विसर त्याला.”

त्या वकिलाला मी खरं सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. घरात कोणाला सांगितलं नाही. पहिल्यांदा वाचलं ती चूक होती. कोर्टात बोलले ती चूक नव्हती, ते मी ठरवून बोलले. मुलगी कडेवर होती म्हणून बोलले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण मुलगी नसती तरी मी तेच बोलले असते.

मास्तर खोटं बोलत नसत. म्हणून माझ्यानंतर त्यांना उभं केलं तेव्हा आता सगळं उघडं पडणार, असंच मी धरून चालले. न्यायाधीशांनी चिठ्ठी दाखवून विचारलं, “हे अक्षर तुमचं?”

“माझं.”

“यात बाई म्हणतात तसं लिहिलंय?”

“तसं वाचता येतं.”

“तुम्हाला काय म्हणायचं होतं?”

“कागद आपल्यासमोर आहे. मला काय म्हणायचं होतं त्याने त्या शिपायाचे हात बरे होणार नाहीत.”

त्यांचा वकील डोक्याला हात लावून बसला. मास्तरांना तीन वर्षं सक्तमजुरी झाली, नवऱ्याला सहा महिने. बाहेर येताना ते माझ्या जवळून गेले. मुलीकडे बघून म्हणाले, “हिला शाळेत घालावं.” माझ्याकडे बघितलं नाही. रागाने बघितलं नाही, की माझी लाज राखायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

नवरा सुटून आल्यावर त्याच्या मनाने घेतलं, मास्तरांना भेटायचं. आम्ही गेलो. जाळीच्या पलीकडे ते आले तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. अंगातली बंडी खुंटीवर टांगल्यासारखी दिसत होती. नवरा त्यांना म्हणाला, “मास्तर, तुमच्या शब्दावर गेलो, वंगाळ वाटत न्हाई मला. तुमीबी वाटून घिऊ नगा.” ते ऐकून मास्तर त्याच्याकडे बघून चक्क हसले. मग मला म्हणाले, “बाई, वाचन चालू आहे?”

ते सगळं बोलायची तीच वेळ होती. नवरा शेजारी होता, शिपाई मागे होता, पण मला बोलता आलं असतं. मी म्हणाले, “गाय व्याली. कालवड झाली.”

“वा,” मास्तर म्हणाले. “छान झालं.”

वेळ संपली.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्यांना हगवण लागली आणि ते तुरुंगातच गेले. आम्हाला आठ दिवसांनी दूधवाल्याकडून कळलं. सासू मला म्हणाली, “रड की जरा, दोन वर्सं तुझ्या हातचं जेवला त्यो.” मला रडू आलं नाही. मी त्यांची खोली झाडली आणि त्यात पुन्हा भुसा भरला.

वावर गेलं ते गेलंच. कारखाना झाला. नवऱ्याला तिथे फाटकावर नोकरी लागली आणि पुढे धाकट्या मुलाला आत मशीनवर. मास्तर म्हणायचे तसं भागीदार कोणाला केलं नाही. नवरा म्हातारपणी कंपनीतल्या पोरांना सांगायचा, “आमच्या मास्तरांचा हुकूम आला, आन् मी गेलो.” हुकूम. मास्तरांच्या नावावर हा एकच हुकूम जमा आहे आणि तो मी जमा केला. नवऱ्याला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. एकदा सांगणार होते, त्याच्या दुखण्यात. तो म्हणाला, “काय गं, काय म्हनतीस?” मी म्हणाले, “औषध घ्या.”

मास्तर गेल्यावर वर्षभराने, त्यांचे लेख छापणाऱ्या साप्ताहिकातले दोघे जण आमच्याकडे आले होते. तुरुंगात लिहिलेल्या तीन जाड वह्या त्यांनी आणल्या होत्या, सगळ्या मोडीत. मास्तरांचं ते शेवटचं पुस्तक होतं. त्यांचं घाईचं, डोळे गेल्यावरचं अक्षर. त्या दोघांनी दोन-तीन जाणत्या माणसांना दाखवलं, कोणाला लागेना. एक जण म्हणाला, “ताई, तुम्ही त्यांचं वाचायचात असं ते सांगायचे. आम्ही इथे येऊन बसू, तुम्ही फक्त वाचा. नाहीतर हे असंच जाईल.”

मी एक वही उघडली. पहिलं पान मला घडाघडा वाचता आलं. बैलांविषयी होतं, आमच्याच. पुढे काय असेल ते मला माहीत नव्हतं. कुठल्या तरी पानावर ती चिठ्ठी असेल, तोडून लिहिलेली, आणि मला ती या दोघांसमोर मोठ्याने वाचावी लागेल, एवढंच मनात आलं. शेजारी नवरा बसला होता.

मी वही मिटली आणि म्हणाले, “मोडी इसरली मी आता. न्हाई लागत.”

त्यांनी चहा घेतला आणि वह्या पिशवीत घालून घेऊन गेले. ते पुस्तक छापलेलं मी कुठे बघितलं नाही. साप्ताहिकही पुढे बंद पडलं. त्या वह्या आता कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही.

साखळीवाला शिपाई जगला. त्याची बोटं वाकडी राहिली, पण जगला आणि पेन्शनीवर गेला. माझा नवरा सत्त्याहत्तर वर्षांचा होऊन गेला. त्याच्यामागे मी आहे.